द्राक्षबागेत १२ नोड: रेंज आली, बाग मात्र झाकली गेली नाही

बाग दिंडोरी तालुक्यात, ५ एकर, थॉमसन जातीची, वाय आकाराच्या मांडवावर. पूर्व-पश्चिम साधारण २०० मीटर, दक्षिण-उत्तर १०० मीटर. ओळी दक्षिणोत्तर, दोन ओळींत ९ फूट. पूर्वेला नाला, पश्चिमेला शेवरीची रांग आणि तिच्यापलीकडे २५० मीटरवर घर. मी नाशकात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो, बाग नाना (वडील) आणि थोरला भाऊ बघतात. आम्हाला एकच गोष्ट हवी होती: बागेच्या कुठल्या भागात पान किती तास ओलं राहिलं. डाऊनी या बुरशीच्या रोगाचं गणित त्याच्यावर चालतं आणि फवारणीचा खर्चही. त्यासाठी १२ नोड, म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेले डबे, लावून बाग झाकायची, म्हणजे तिचा कुठलाही भाग मोजणीतून सुटू द्यायचा नाही. मातीतल्या ओलाव्याचा नाद मुद्दाम सोडला. एका वेळी एकच डोकेदुखी.

३ सप्टेंबर २०२३

सामान आलं. एका नोडचा हिशेब: आरएफएम९५ लोरा मॉड्यूल (कमी विजेवर लांबवर निरोप पाठवणारा रेडिओ) ७२० रुपये, प्रो मिनी (नोड चालवणारा छोटा बोर्ड, ३.३ व्होल्टचा) २४०, एसएचटी३१ तापमान-आर्द्रता सेन्सर ३६०, डीएस३२३१ घड्याळ ११०, १८६५० सेल १५०, डबा १२०, किरकोळ ६०. म्हणजे १,७६० रुपये. असे १२. घरच्या गच्चीवर गेटवे (सगळ्या नोडचे निरोप ऐकणारा डबा) म्हणून ईएसपी३२ बोर्ड आणि आणखी एक आरएफएम९५.

आधी स्वस्तात मिळणारी ४३३ मेगाहर्ट्झची मॉड्यूलं घेणार होतो. पण लोराचं काम आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि तो पट्टा १ वॅटपर्यंत विनापरवाना मोकळा आहे, म्हणून तोच धरला. ऑर्डर देण्याआधी हे बघा. मॉड्यूल दिसायला सगळी सारखीच असतात.

९ सप्टेंबर

पहिला दिवस तारेत गेला. एका ठिकाणी वाचलं होतं म्हणून सगळ्या नोडना १७ सेंटीमीटरची अँटेना-तार डकवली. टेबलावर सगळं झकास. अंगणात गेलो की सिग्नल मरतो. दोन तास कोड तपासला, मग ट्यूब पेटली. १७ हा ४३३ चा आकडा आहे. ८६६ ला पाव तरंगलांबी म्हणजे ८.६ सेंटीमीटर. बाराही तारा कापल्या. त्याच जागी, त्याच अंतरावर १४ डेसिबलचा फरक पडला.

१६ सप्टेंबर

बाराही सेन्सर दोन रात्री ओट्यावर एकाच ताटात ठेवले. बागेत नेल्यावर दोन नोडमध्ये फरक दिसला तर तो बागेचा की सेन्सरचाच, हे आधी माहीत हवं. तापमानात आपसात ०.३ अंशांच्या आत, आर्द्रतेत २ टक्क्यांच्या आसपास. एक सेन्सर ६ टक्के जास्त दाखवत होता, तो बदलून बाजूला ठेवला. ही पायरी कुणी गाळू नये. मी गाळणारच होतो, गौरी-गणपतीला घरी तीन दिवस मिळणार होते म्हणून झाली.

उन्हापासून आडोसा म्हणून कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा, एकावर एक पाच, मध्ये नटांनी अंतर सोडून. नगाला ७५ रुपये. बाजारात तयार मिळणाऱ्या आडोशाच्या किमतीत सगळे नोड उभे राहिले असते.

२४ सप्टेंबर

पान ओलं की कोरडं हे कळायला पावसाचा सेन्सर म्हणून मिळणारी नक्षीदार पट्टी वापरली. पहिल्या पाच दिवसांतच तिचे पट्टे हिरवे पडले. सतत डीसी करंट सोडला की ओल्या पट्टीवर तांबं झिजतं. आता वाचतानाच करंट द्यायचा, तोही एकदा सुलट, एकदा उलट, आणि एकूण काही मिलिसेकंदच. पट्टीवर पांढऱ्या लॅटेक्स रंगाचा पातळ हात मारला. नुसत्या पट्टीवर दवाचे थेंब सुटे बसतात आणि सेन्सरला दिसतच नाहीत, रंगावर ओल पसरते. पट्टी ४५ अंशांत तिरकी, तोंड उत्तरेकडे, पहिल्या-दुसऱ्या तारेच्या मध्ये पानांत.

१४ ऑक्टोबर

१० तारखेला गोडी छाटणी (फळासाठीची) झाली, काड्यांवरच्या डोळ्यांना फुटण्यासाठी पेस्ट लागली. बाग उघडीबोडकी. हाच मुहूर्त धरून नोड लावले, कारण मोकळ्या बागेत चालायला सोपं.

मांडणी: चार उभे पट्टे, प्रत्येकात तीन नोड. पट्टे ५० मीटरवर, पट्ट्यातले नोड ३३ मीटरवर. पश्चिमेकडून १-२-३, मग ४-५-६, ७-८-९ आणि नाल्याकडे १०-११-१२. पुस्तकी हिशेबाने त्रिकोणी मांडणी जास्त स्वस्त पडते. प्रत्येक सेन्सर स्वतःभोवती २० मीटरचं ओळखतो असं धरलं तर त्रिकोणी मांडणीत दोन नोडांमध्ये ३४.६ मीटर अंतर चालतं आणि एका नोडच्या वाट्याला १,०३९ चौरस मीटर येतात. चौकोनी मांडणीत तेच ८००. आमच्या ५ एकराला त्रिकोणीनेसुद्धा कडा धरून वीसच्या वर नोड लागले असते. हातात १२. मग त्रिकोण-चौकोनाचा वाद कशाला, भाऊ म्हणाला तशी ओळी मोजून सरळ मांडणी केली.

संध्याकाळी गच्चीवर बसून मोबाईलवर बघितलं, बाराच्या बारा नोड बोलत होते. सगळ्यात लांबचा १२ नंबर, सिग्नल उणे ९६ डीबीएमवर (उणे आकडा जितका मोठा, सिग्नल तितका कमजोर). नकाशावर बारा हिरवे ठिपके. नानांना दाखवलं. नाना म्हणाले, "छान दिसतंय." मला ते कौतुक वाटलं.

१५ ऑक्टोबर

रात्रीतून आलेले निरोप: अपेक्षित ५७६, आले १०४.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला, सापडल्यावर स्वतःचीच लाज वाटली. सगळी घड्याळं मी एकाच लॅपटॉपवरून लावली होती आणि डीएस३२३१ फार शिस्तीचं घड्याळ आहे, दहा लाखांत दोनची चूक. त्यामुळे बाराही नोड बरोब्बर :००, :१५, :३० आणि :४५ ला एका दमात बोलायचे आणि कुणाचंच ऐकू यायचं नाही. जे १०४ आले ते घराजवळच्या नोडचे, त्यांचा आवाज मोठा म्हणून. काल संध्याकाळी सगळे दिसले, कारण नोड लावताना एकेक करून चालू केले होते आणि चालू होताच पहिला निरोप जातो.

आता नोड क्रमांक गुणिले ५ सेकंद, एवढं थांबून बोलायचं. १ नंबर पाचव्या सेकंदाला, १२ नंबर साठाव्या. दुसऱ्या रात्री ५७६ पैकी ५७१.

याच घड्याळाच्या मॉड्यूलवर एक लाल दिवा असतो, तो काढा. प्रो मिनीवरचा दिवाही काढा आणि रेग्युलेटर काढून कमी करंट खाणारा लावा. हे न केलेला एक नोड झोपेतसुद्धा ४ मिलिअँपिअर खात होता, केलेला ३० मायक्रोच्या आत.

२९ ऑक्टोबर

दसरा होऊन गेला. फुटवे वीतभर झालेत, डाऊनीची भीती आता खरी. आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो, पुढचं सगळं काम त्यातून निघालं.

पहाटे पाचला नाना बॅटरी घेऊन बागेत चक्कर मारून आले. मी ओट्यावर चहा घेत मोबाईल बघत होतो. नाल्याकडचे १०, ११ आणि १२ तिन्ही नोड "कोरडं" दाखवत होते. नाना पायरीवर बसले, चप्पल काढून उलटी करून माझ्यासमोर धरली. ओली, वर गवताची कुसळं चिकटलेली.

"तुझं यंत्र दव नाय म्हनतं?"

"नाही अजून."

"मग ही काय घामानं भिजली?"

दोघं परत गेलो. आग्नेय कोपऱ्यात शेवटच्या आठ-दहा ओळी. पानाला बोट लावलं तर पाणी ओघळलं. तिथून ३० मीटरवर १२ नंबरचा डबा, तिथलं पान खरंच कोरडं. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता, त्याला त्या कोपऱ्याची खबरच नव्हती. नकाशावर मात्र तो कोपरा १२ नंबरच्या हिरव्या वर्तुळात आरामात बसलेला होता. ते वर्तुळ मीच काढलेलं, कंपासने.

नाल्याला बांध आहे, बांधावर घाणेरी माजलीय. रात्री थंड हवा उताराने खाली येते आणि त्या कोपऱ्यात बांधाला अडून बसते. नानांना हे पन्नास वर्षं माहीत आहे. मला विचारायचं सुचलं नाही आणि त्यांना मी विचारीन असं वाटलं नाही.

१ नोव्हेंबर

नोडची रेडिओ रेंज अर्धा किलोमीटर आहे. पानाच्या ओलीबाबत त्याची 'नजर' किती आहे, ही वेगळीच गोष्ट, आणि ती मी २० मीटर धरली होती ती निव्वळ हवेतून. मग मोजायचं ठरवलं. मधला ५ नंबर आणि ८ नंबर उपटले, बांबूच्या तिकाटण्यावर बसवले. यांना भटके म्हणू. रोज संध्याकाळी एखाद्या स्थिर नोडपासून १० ते ८० मीटरपर्यंत वेगवेगळ्या अंतरांवर ठेवायचे, सकाळी तुलना.

९ नोव्हेंबर

आठ रात्रींचा निकाल. वरच्या सपाट भागात एकाच ओळीच्या दिशेने ६० मीटरवरसुद्धा दव पडण्याची आणि वाळण्याची वेळ अर्ध्या तासाच्या आत जुळते. ओळींना आडवं, नाल्याकडे उतरत गेलं की २५ मीटरवरच दीड तासाची तफावत. म्हणजे नजर गोल नाहीच, ओळीच्या दिशेने लांबुळकी आहे आणि खाली उतरताना आखडते. कंपास पेटीत ठेवला.

शेवरीच्या सावलीतल्या पहिल्या चार ओळींची दुसरीच तऱ्हा. दव पडतं सगळ्यांबरोबर, पण सकाळचं ऊन उशिरा पोचतं... असं आधी लिहिलं होतं, ते खोडतोय. शेवरी पश्चिमेला आहे, सकाळी तिची सावली बागेवर पडतच नाही. भाऊने चूक काढली. तिथे वारा अडतो, म्हणून ओल टिकते. १ नंबरपेक्षा पन्नास मिनिटं जास्त.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

काम बंद. फक्त एक नोंद: ९ नंबर गप्प.

१४ नोव्हेंबर

९ नंबरची पट्टीची वायर विरळणी करणाऱ्या टोळीतल्या कुणाच्या तरी कात्रीत आली. दोष त्यांचा नाही. वायर काळी, वेलीच्या काडीच्या जाडीची, पानांत लपलेली. आता सगळ्या वायरींवर केशरी नळी चढवली आणि डब्याच्या ओळीला खांबावर लाल फडकं बांधलं. मुकादमाला नेऊन प्रत्येक डबा दाखवला. त्याने विचारलं, यात कॅमेरा आहे का? कामावर नजर ठेवायला लावलाय असा टोळीत बोलबाला होता. डबा उघडून आतलं दाखवलं तेव्हा विषय मिटला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

१८ नोव्हेंबर

निरोप गळायला लागले. १० ते १२ मधून पहाटे निम्मेच येतात, दुपारी सगळे.

गोडी छाटणीनंतरच्या उघड्या बागेत मी रेंज तपासली होती. आता कॅनोपी (पानांचा मांडव) भरली, डबे पानांत बुडाले, वरून पहाटे पान न् पान ओलं. उणे ९६ चा १२ नंबर उणे १२१ वर आलाय. एसएफ ७ ला हे मॉड्यूल उणे १२३ पर्यंतच ऐकतं (एसएफ म्हणजे निरोप किती सावकाश पाठवायचा याची पायरी, वरच्या पायरीला कमजोर सिग्नलही ऐकू येतो पण वेळ जास्त लागतो). आणि जेव्हा दव असतं तेव्हाच सिग्नल जातो, म्हणजे ज्या तासांसाठी हा खटाटोप, नेमके तेच तास आंधळे.

घाईत सगळ्यांचा एसएफ ७ वरून १२ केला. निरोप परत यायला लागले खरे, पण २० बाइटांचा निरोप जिथे ५६ मिलिसेकंदांत जायचा तिथे १.३ सेकंद लागायला लागले. दर निरोपाला बॅटरी वीसपट जास्त. शिवाय माझा गेटवे एका वेळी एकाच एसएफवर ऐकतो, म्हणजे लांबच्या तिघांसाठी जवळच्या नवांनाही ओरडावं लागतं.

१९ नोव्हेंबर

खरा उपाय उंचीचा. डबा आणि पट्टी पानांतच, अँटेना मात्र कॅनोपीच्या दीड मीटर वर, बांबूच्या टोकाला. मध्ये २ मीटर आरजी१७४ केबल. ती या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे साधारण १ डेसिबल खाते, म्हणजे दोन गेले, पण पदरात १७ पडले. पहिला प्रयत्न लोखंडी अँगलला बांधून केला होता, त्यात काहीच मिळालं नाही. अँटेना लोखंडापासून हातभर लांब, म्हणून बांबू. एसएफ ९ वर ठेवला.

सहा बांबू १८० रुपये, केबल आणि कनेक्टर नोडमागे १९०. बांबू ओळीच्या मधोमध नको, ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर जातो. हे लिहितोय कारण पहिला बांबू ब्लोअरनेच मोडला.

सोबत आणखी एक बदल. प्रत्येक निरोपात आताचं वाचन आणि मागची तीन. एखादा निरोप गळला तरी पुढच्यातून भरून निघतो.

२५ नोव्हेंबर

आज ठिय्या मारून हलवाहलवीचा निर्णय घेतला. पद्धत साधी. एक नोड नाहीच असं समजायचं आणि शेजाऱ्यांवरून त्याचे ओले तास अंदाजायचे. अंदाज जवळ आला तर तो नोड नवीन काही सांगत नाही. दहा रात्री धरल्या. ४, ६ आणि ७ नंबरचा अंदाज वीस ते तीस मिनिटांच्या आत बसतो. १२ नंबरचा २ तास ४० मिनिटांनी चुकतो. म्हणजे मधल्या सपाटीवर मी पैसे उधळले होते, आणि जिथे चार नोड हवेत तिथे एक.

४ नंबर उचलून शेवरीकडे, दुसऱ्या ओळीत. ७ नंबर आग्नेय कोपऱ्यात, शेवटून तिसऱ्या ओळीत. भटक्यांपैकी ८ नंबर ईशान्य कोपऱ्यात कायमचा. ५ नंबर भटकाच ठेवला.

भाऊला पटत नव्हतं. "मध्ये एवढं मोठं रान मोकळं सोडतोस?" नकाशात खरंच वाईट दिसतं, मधोमध टक्कल. पण तिथे काय चाललंय हे ६ आणि ९ वरून कळतं, हे दहा रात्रींनी दाखवलंय.

२७ नोव्हेंबर

काल अवकाळी. निफाडकडे गारांनी बागा झोडपल्या, फोटो बघवत नाहीत. आमच्याकडे गार आली नाही, पाऊस मात्र आला. लाईट दुपारी गेली ती आज सकाळी आली, १९ तास.

गेटवे घरच्या लाईटवर. १९ तासांतला फक्त शेवटचा एक तास मिळाला, मागच्या तीन वाचनांच्या कृपेने. अख्ख्या हंगामातली सगळ्यात महत्त्वाची रात्र आणि माझ्याकडे कोरी पाटी. बागेत अकरा नोड रात्रभर इमानदारीने बोलत होते, ऐकायला कुणी नव्हतं. जागेचं झाकणं मी दोन महिने घोकत बसलो, वेळेचंही झाकावं लागतं हे या पावसाने शिकवलं. (नानांनी रात्री काहीच न बघता सकाळी औषध घ्यायचं ठरवलं होतं. पावसात त्यांना मोबाईल लागत नाही.)

३ डिसेंबर

दोन दुरुस्त्या. गेटवेला १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची बॅटरी, १,०५० रुपये. दुसरी फुकट: डीएस३२३१ च्या त्या मॉड्यूलवर ४ किलोबाइटची मेमरी चिप आयतीच असते, मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. एक वाचन ८ बाइटांत बसवलं तर ५१२ वाचनं मावतात, म्हणजे पाच दिवसांच्या वर. गेटवेने पोच दिली नाही तर नोड वाचन साठवतो आणि नंतर थोडं थोडं पाठवतो. पोचीचा कोड लिहायला दोन रात्री लागल्या, कारण नोड बोलून झाल्यावर लगेच झोपी जात होता आणि पोच झोपेत असताना यायची. आता अर्धा सेकंद कान देऊन मग झोपतो.

लाईट मुद्दाम रात्रभर बंद ठेवून तपासलं, सगळं भरून आलं.

१० डिसेंबर

२६ च्या पावसानंतरच्या दोन दिवसांची वाचनं बघत होतो. पाऊस बागेला एकसारखा भिजवतो, तिथे एक नोड पुरला असता. फरक वाळण्यात. वरचा भाग उघडीप मिळताच साडेअकराला कोरडा, आग्नेय कोपरा संध्याकाळी पाचपर्यंत ओला. ७ नंबर तिथे आदल्याच दिवशी नेऊन ठेवला होता म्हणून हे दिसलं. तिथेच चार दिवसांनी पानांवर तेलकट डाग सापडले, भाऊने ती पानं काढून टाकली. वर कुठेही नाही.

१७ डिसेंबर

६ नंबर मेला. सेल १.९ व्होल्टवर. हे सेल वरच्या वेष्टनावर भलामोठा आकडा छापलेले होते. भारून-रिकामा करून मोजला तर १,१०० मिलिअँपिअर-तास भरला. बाकीचे सगळे मोजले, अकरापैकी चार असेच. ते बदलले, ८८० रुपये आणि अख्खा रविवार. लावण्याआधी मोजले असते तर डबे दुसऱ्यांदा उघडावे लागले नसते.

मधल्या काळात छोटं सोलर पॅनेलही लावून बघितलं होतं. कॅनोपीच्या सावलीत ते शोभेचंच. काढलं.

३१ डिसेंबर

आता तपासणी. बागेच्या नकाशावर १० बाय १० मीटरच्या २०० चौकटी. त्यातल्या ३० चिठ्ठ्या टाकून निवडल्या. भटका ५ नंबर रोज एका चौकटीत, आणि एक जादा नोड (जुना ६ टक्के चुकणारा, फरक वजा करून) दुसऱ्या चौकटीत. ओल्या तासांचा आमचा अंदाज पाऊण तासाच्या आत आला तर चौकट झाकली गेली, नाहीतर नाही. पंधरा रात्री लागल्या.

नवी मांडणी: ३० पैकी २६. त्याच रात्रींवर जुन्या मांडणीची गणितं चालवली (हलवलेल्या नोडच्या जुन्या जागी शेजाऱ्यांवरून अंदाज भरला, त्यामुळे हा आकडा थोडा कच्चा आहे): ३० पैकी १७. रेडिओची रेंज दोन्ही वेळा ३० पैकी ३० होती.

उरलेल्या चारपैकी तीन नाल्याच्या कडेला मधोमध, ८ आणि ७ च्या मध्ये. तिथे एक नोड हवा. चौथी चौकट विहिरीजवळची. तिथे रात्री पाईपचा वॉल्व्ह गळतो आणि शेजारचा वेल भिजतो. नोड नको, वॉल्व्ह दुरुस्त करायला हवा. भाऊ म्हणाला, करू.

२१ जानेवारी २०२४

नाल्याच्या मध्यावर १३ नंबर लावला. मधल्या पट्ट्यातून काही उचललं नाही, नवा बांधला. या वेळी चार तासांत, पहिल्याला चार दिवस लागले होते.

११ नंबरच्या डब्यात मुंग्यांनी घर केलं होतं, अंडी थेट सर्किटवर. खालचं ओल जायचं भोक मोठं ठेवलं होतं. आता त्यात मच्छरदाणीचा तुकडा. गंधक मारून झाल्यावर उघड्या तांब्याच्या जोडण्या काळ्या पडतात, त्यांवर नेलपॉलिश. वहिनींच्या दोन बाटल्या संपल्या. तो खर्च यात धरलेला नाही.

नाना आता सकाळी आधी बागेत जातात, मग येऊन ७ नंबर किती म्हणतो ते विचारतात. जुळलं तर काही बोलत नाहीत.

१० मार्च

खुडा संपला. हिशेब: १३ नोड, बशा धरून, २३,८५५. गेटवे आणि बॅटरी २,४००. अँटेनाचं सामान, बांबू, बदललेले सेल, जळालेली दोन मॉड्यूलं मिळून ४,९००. एकूण ३१,१५५. माझे रविवार धरले नाहीत, धरायला गेलो तर बायको धरू देणार नाही.

फवारण्या किती वाचल्या हे एका हंगामावरून सांगणार नाही. एवढं झालं की दोन वेळा वरचे तीन एकर सोडून फक्त नाल्याकडच्या ओळींना औषध मारलं.

७ एप्रिल

खरड छाटणीआधी (उन्हाळ्यातली, नव्या काड्यांसाठीची) डबे उतरवले, पट्ट्या पुसून पिशवीत. बांबू जागेवरच ठेवले, प्रत्येकावर ऑइलपेंटने नंबर टाकला, म्हणजे ऑक्टोबरात परत ओळी मोजायला नकोत. या वेळी रेंज कॅनोपी भरल्यावर तपासायची, हे डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवलंय.

आज चक्कर मारली तर १२ नंबरचा बांबू गायब. शोधला. परसात टोमॅटोच्या आधाराला लावलाय, नंबर बाहेरच्या बाजूला करून. नाना म्हणाले, "तिथं आता ७ नंबर हाये ना?"